वाजली पाहिजे

मनावर, रविवार

आजोबांचा ग्रामोफोन रेकॉर्डचा संग्रह विकायचा, असं अखेर घरात ठरलं. निमाडच्या उन्हाळ्यात लाखेच्या तबकड्या टिकत नाहीत. माडीवरच्या काही वाकल्याच आहेत. वडिलोपार्जित म्हणून नुसत्या धूळ खात ठेवण्यात प्रेम कसलं?

आज अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी लावली. चावी भरली, नवी सुई बसवली. पोलादी सुई दर बाजूला बदलायची, बोथट सुई खाचा खाते, ही आजोबांची शिस्त. मिनिटाला ७८ फेरे, गाणं जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं. तेवढ्यात खाँसाहेब राग उभा करतात. १९३७ साली गेलेला गवई आमच्या माडीवर गात होता. अंगावर काटा आला.

एका गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात मांडायला फक्त कर्ण्याचा ग्रामोफोन हवा होता. तबकड्या भंगारात घाला, म्हणाला. त्याला नाही म्हटलं. इंदूरजवळ पिगडंबरला सुमन चौरसियांनी लताबाईंच्या नावानं रेकॉर्डचं संग्रहालय उभारलंय. आधी तिथे विचारीन. दुर्मीळ तबकड्या जमल्यास तिकडे, उरलेल्या कानसेनांच्या घरी. चार पैसे कमी आले तरी चालतील, पण रेकॉर्ड वाजली पाहिजे.