घरघर ऐकून घ्यावी

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता एकमेकांना छेदतात. वर उड्डाणपूल, खाली खोळंबलेल्या बस, रिक्षा आणि ट्रक. एवढ्या कोलाहलात काठे गल्लीतल्या एखाद्या घरात टेबलाखाली ठेवलेल्या कॉम्प्युटरचा पंखा कुरकुरत असेल, तर ते दिवसा कोणाच्या ध्यानात येणार? मोठा आवाज लहान आवाजाला गिळून टाकतो. उत्तररात्री रहदारी विरळ झाली की तीच घरघर खोलीभर पसरते आणि पंखा आत्ताच बिघडला असे वाटते. खरे तर तो कितीतरी दिवस झिजत आलेला असतो. ही घरघर म्हणजे यंत्राचे म्हातारपण नव्हे. झिजला आहे तो एक छोटा, सुटा, स्वस्त भाग, आणि बदलायचा आहे तो तेवढाच.

हा पंखा 12 व्होल्टवर चालतो आणि मिनिटाला हजार-दोन हजार फेरे घेतो. साध्या पंख्याचा दांडा स्लीव्ह बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर फिरतो. पंखा ज्या उष्णतेशी झुंजतो तीच उष्णता हे तेल हळूहळू सुकवते. मग दांडा हलू लागतो, कंप सुटतो आणि तो कंप कॅबिनेटच्या पत्र्यात शिरून वाढतो. द्वारकेला रस्त्याची धूळ आणि डिझेलची काजळी बारा महिने. ती पात्यांवर असमान बसली की तोल बिघडतो, प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या फटीत साचली की प्रोसेसर तापतो आणि त्याला थंड ठेवायला पंखा आणखी जोरात पळतो. म्हणून आधी कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून धूळ झाडावी. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर हवेच्या झोताने ती भलत्या वेगाने फिरून बेअरिंगला इजा होते. धूळ गेल्यावर घरघरही गेली, तर पंखा बदलायची गरजच नाही.

तेलाचा एक थेंब सोडला की भागते, असे पुष्कळजण सांगतात. भागते, पण थोडे दिवस. बेअरिंगचे झिजलेले भोक तेलाने पुन्हा गोल होत नाही. दुसरे म्हणणे असे की वारा तर येतोय, मग आवाज सोसायला काय हरकत? हरकत ही की घासणारा पंखा एके दिवशी अडकतो. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो किंवा मशीन बंद पडते, आणि अर्धवट राहिलेले काम त्याबरोबर जाते. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: इतके जुने मशीन, आता नवेच घ्या ना! मशीन खरोखर कामाला अपुरे पडत असेल तर जरूर घ्यावे. मात्र ज्यावर मुलांचा अभ्यास आणि दुकानाचे हिशेब नीट चालतात, ते केवळ आवाजापायी मोडीत काढणे म्हणजे धडधाकट मदरबोर्ड, मेमरी आणि डिस्क यांना न केलेल्या चुकीची शिक्षा देणे होय.

बदलायचाच तर कॅबिनेटमध्ये जागा पाहून मोठा पंखा बसवावा. 120 मिलिमीटरचा पंखा 80 मिलिमीटरच्या पंख्याइतकीच हवा पुष्कळ कमी फेऱ्यांत हलवतो. त्याच पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. शांतता वेग कमी केल्याने मिळते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. जुना पंखा काढण्याआधी हवा कोणत्या बाजूला जाते ते पाहून ठेवावे. बहुतेक पंख्यांत ती चौकटीच्या आडव्या दांड्या असलेल्या बाजूने बाहेर पडते. प्रोसेसरवरचा पंखा हीटसिंकसकट उचलला, तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी. आवाज एसएमपीएसमधून, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीतून, येत असेल, तर मात्र ती पेटी घरी उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका विद्युतभार राहू शकतो. पूर्ण एसएमपीएस बदलून घ्या. काढलेला पंखाही घंटागाडीत ओल्या-सुक्यात मिसळू नका, ई-कचरा म्हणून वेगळा द्या.