तीन रंगांत रायगड

रायगडाचे चित्र म्हटले की डोळ्यांपुढे कॅलेंडर येते. केशरी आभाळ, केशरी ढग, फडकणारा ध्वज आणि त्याखाली एक काळा डोंगर, तोच गड असे आपण मानायचे. महाडपासून रायगड सुमारे २५ किलोमीटर. दरवर्षी २० मार्चला आपले लोक चवदार तळ्यावर येतात आणि बहुतेक तिथूनच माघारी फिरतात. तळे आपले, गड त्यांचा, अशी वाटणी कुणी न सांगता आपणच करून टाकली आहे. आमचा आक्षेप या वाटणीलाच आहे. जोतीरावांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवर पोवाडा लिहिला आणि त्यांना कुळवाडीभूषण म्हटले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर खुद्द बाबासाहेब सहकाऱ्यांसह रायगड पाहायला गेले होते. मग आपण का जात नाही?

आम्ही चौघे गेलो, ते जलरंग घेऊन. रंग तीनच: यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन ब्लू. काळी ट्यूब नाही, पांढरी नाही. पांढरे हवे तिथे कागद कोरा सोडायचा. या तिघांतून झगझगीत केशरी काही केल्या तयार होत नाही, हा या निवडीचा पहिला फायदा. दुसरा फायदा दगडाचा. सह्याद्रीचा कातळ काळ्या ट्यूबने रंगवला तर डांबरासारखा दिसतो. बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन मिसळला की राखाडी रंग येतो. निळा वाढवला तर ती सावलीतली भिंत होते, तपकिरी वाढवला तर उन्हातली. निळ्याशिवाय गड उभाच राहत नाही, असे आमच्यातल्या एकाने मोठ्या खुशीत जाहीर केले. (योगायोग आहे. त्याचा सिद्धान्त करू नये.)

मार्चात गवत वाळलेले असते, त्यामुळे ऑकर सगळ्यात आधी संपतो. उन्हात कागद भराभर वाळतो, बारीकसारीक नक्षी करत बसायला सवड मिळत नाही. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढेच पाहावे लागते. असे पाहिले की कळते, इथे छप्पर जवळपास कुठेच नाही. बाजारपेठेची जोती ओळीने उभी आहेत, राजवाड्याचीही जोतीच. गंगासागराकाठचे मनोरे तेवढे अजून उंच आहेत. लाकूडकाम मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत गेले, आणि त्या वेळी गड पेशव्यांच्या ताब्यात होता. १ जानेवारी १८१८ आपल्याला झोपेतही पाठ असते. त्याच वर्षीचा हा मे महिना कॅलेंडरवाले सांगत नाहीत, आपणही सांगत नाही.

जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. ते असायलाच हवे. दगड फोडणाऱ्या, वाहणाऱ्या हातांची नावे कुठेही नाहीत. मराठ्यांच्या गडांच्या घेऱ्यात, पायथ्याच्या रानात, पहारा असे तो महार, मांग, रामोशी, कोळी यांचा. कॅलेंडरच्या चित्रात नेमका हाच भाग धुक्यात जातो. म्हणून पाचाडकडून काढलेल्या चित्रात आम्ही अर्ध्याहून जास्त कागद पायथ्याला दिला आणि माथा वरच्या कडेला ढकलला. चित्रकलेच्या मास्तरांना ही मांडणी आवडणार नाही. न आवडो.

‘चळवळीची कामे पडली आहेत आणि तुम्ही चित्रे कसली काढता?’ असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण त्यांच्याच गल्लीतल्या नाक्यावरचा फलक आधी पाहावा. तो गड कुणाचा आहे हे तिथल्या पोराला पुस्तकाने शिकवलेले नाही, त्या फलकाने शिकवले आहे.

आमची चार चित्रे सध्या वस्तीतल्या वाचनालयात लावली आहेत. मुले येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, झेंडा कुठे आहे? आम्ही त्यांना बाजारपेठेची जोती मोजायला सांगतो.