कोणी न पाहिलेला फटका

वाचन: करिंथकरांस दुसरे पत्र 8:16-21



गोल्फ हा आपल्यासारख्यांचा खेळ नव्हे, असे आम्ही तिघेही अगदी परवापर्यंत म्हणत होतो. आमचे धर्मग्राम लहान. अमझेरा आणि आसपासच्या पाड्यांवर विखुरलेली कुटुंबे, रविवारी मिस्साला जमणारी. मिस्सा झाली की दानपेटी उघडायची, पैसे मोजायचे आणि वहीत लिहायचे, ही आम्हा तिघांची सेवा. गेली कित्येक वर्षे ती आम्ही करतो आहोत. आमच्यात एक निवृत्त मास्तर, एक कंपाउंडरभाऊ आणि तिसरा हे लिहिणारा. आमच्यापैकी कोणी कधी गोल्फची काठी हातात धरली असेल, असे वाटायचे कारणच नव्हते.

पण कर्नलसाहेबांनी बोलावले. ते आपल्या धर्माचे नाहीत. त्यांचे पूर्वज पवारांच्या चाकरीत धारला आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठीच बोलतात. सैन्यातून निवृत्त झाल्यावर ते महूला राहतात. मास्तरांशी त्यांची जुनी मैत्री. उन्हाळ्यात त्यांनी आपल्या जुन्या काठ्या आमच्या हाती दिल्या, मोकळ्या माळावर चार-सहा वेळा सराव करून घेतला आणि नोव्हेंबरमध्ये म्हणाले, “आता चला महूला. नऊ होल खेळू.”

पहाटे अंधारातच निघालो. धार, मग पीथमपूरचे कारखाने, मग महूची छावणी. 1818 साली इंग्रजांनी वसवलेली ही छावणी. 1891 साली बाबासाहेब आंबेडकरांचा जन्मही इथलाच, कारण त्यांचे वडील सैन्यात होते. जिथे छावणी तिथे गोल्फ, ही इंग्रजांची रीत. कर्नलसाहेब सांगत होते, त्यांच्या तरुणपणी पाणी कमी असलेल्या छावण्यांत खळग्याभोवती हिरवळ नसायचीच. वाळूत तेल मिसळून ती थापायची, आणि तिला ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राऊन’ म्हणायचे.

मैदान लांबून फार गोड दिसले. खेळायला लागलो तेव्हा त्याने आमचा घाम काढला. पाऊस संपून माळव्याची काळी माती वाळू लागली होती. चेंडू टणक जागी पडला की भलतीकडेच उसळे, आणि गवतात गेला की दिसेनासा होई. मध्ये एक नाला. कंपाउंडरभाऊंचे दोन चेंडू त्याने गिळले. मास्तर वाळूच्या खड्ड्यात उतरले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. आम्हाला नुसते वाळूचे फवारे दिसत होते.

या खेळातली एक गोष्ट आम्हाला नवीन होती. इथे प्रत्येक खेळाडूमागे पंच फिरत नाही. किती फटके मारले ते ज्याचे त्याने मोजायचे, सोबत्याने कार्डावर लिहायचे आणि शेवटी दोघांनी सही करायची. स्पर्धेत एखाद्या होलचे फटके खऱ्यापेक्षा जास्त लिहून सही केली तर तोच आकडा कायम राहतो. कमी लिहून सही केली तर खेळाडू बाद होतो. आमची काही स्पर्धा नव्हती. त्यामुळे मास्तर खड्ड्यातून वर आले आणि “किती?” असे विचारल्यावर “सहा लिहा” म्हणाले, तेव्हा आम्ही सहा लिहिले. निदान नऊ तरी झाले होते. पुढे आम्हा तिघांच्याही कार्डावर अशी सवलत होत गेली. आम्ही हसत होतो. नवखी माणसे, कोणाचे काय बिघडते?

कर्नलसाहेबांचे मात्र वेगळे होते. सत्तरी ओलांडल्यापासून नऊ होल 45 फटक्यांच्या आत संपवायचे त्यांच्या मनात होते, आणि ते काही जमत नव्हते. त्या दिवशी आठ होल झाले तेव्हा त्यांचे 40 झाले होते. शेवटच्या होलला चार लागले तर 44. आम्हीच त्यांच्यापेक्षा जास्त अधीर झालो होतो.

त्यांचा पहिला फटका उजवीकडे उंच गवतात गेला. आम्ही मागे, बाभळीच्या सावलीत उभे. ते एकटेच चेंडूपाशी गेले, काठी टेकवली आणि थांबले. वाकून त्यांनी चेंडू बोटभर मागे ठेवला, मग मारला. चेंडू सुरेख हिरवळीवर गेला. पुढे दोन हलके फटके, आणि चेंडू खळग्यात. आम्ही टाळ्या वाजवल्या, “चव्वेचाळीस!”

“पंचेचाळीस,” ते म्हणाले. “गवतात काठी टेकवताना चेंडू हलला. एक फटका माझ्या नावावर.”

“साहेब, आम्ही तर पाहिले नाही,” कंपाउंडरभाऊ म्हणाले.

“मी पाहिले ना,” असे म्हणून त्यांनी कार्डावर आकडा घातला आणि चहाचे काय, म्हणून विचारले.

पुढे चहा घेताना त्यांनी बॉबी जोन्सची गोष्ट सांगितली. 1925 सालची अमेरिकेची खुली स्पर्धा. गवतात त्याचा चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणीच ते पाहिले नव्हते, तरी त्याने स्वतःवर एक फटका लावून घेतला. स्पर्धा बरोबरीत सुटली, निकालासाठी पुन्हा खेळले, तेही बरोबरीत. आणि दुसऱ्या खेपेला जोन्स एका फटक्याने हरला. गोष्ट संपली तेव्हा मास्तरांनी न बोलता खिशातले कार्ड काढले आणि सहाचे नऊ केले. मग आम्हीही आमचे आकडे दुरुस्त केले.

खरी गोष्ट यानंतरची आहे, आणि ती लिहिणे सोपे नाही.

परतीच्या वाटेवर धारला पोहे-जिलेबी खायला थांबलो. घास कोणाच्याच घशाखाली नीट उतरत नव्हता. शेवटी मास्तरच म्हणाले, “सणाच्या हिशेबाचे काय करायचे?”

गेल्या वर्षी धर्मग्रामाच्या सणाला जेवणाची कुपने आणि हाऊजी यांचे पैसे आम्हीच मोजले होते. विकलेली कुपने आणि हातातली रक्कम यांत 1,850 रुपयांची तफावत येत होती. रात्र झाली होती, आम्ही थकलो होतो. तिनदा मोजले, जुळेना. पैसे आमच्यापैकी कोणी घेतले नव्हते. कुठे सुटे देताना चूक झाली असेल. पण आम्ही वहीत ‘किरकोळ खर्च 1,850’ असे लिहिले आणि तिघांनी सह्या केल्या. तसा खर्च झालाच नव्हता. त्यानंतर त्याविषयी आम्ही एकमेकांशीही कधी बोललो नाही.

त्या शनिवारी आम्ही फादरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले, रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “खोटे वहीत लिहिले आहे, तर खरेही वहीतच लिहा. आणि ज्यांचे पैसे आहेत त्यांना सांगा.” रविवारी मिस्सानंतर आम्ही तिघे उभे राहिलो आणि सांगितले. रक्कम आम्ही आपसांत भरून दिली. काहींनी मायेने हात दाबले. एका गृहस्थांनी स्पष्ट विचारले, “एकदा असे केले, तर आणखी किती वेळा?” त्यांचे चुकले नाही. काही आठवडे ते आमच्याशी बोलले नाहीत. आता मोजणीला चौथी व्यक्ती बसते आणि आकडा फलकावर लागतो. पहिल्या दिवशी हे आम्हाला टोचले. आता वाटते, हे आधीच असायला हवे होते.

संत पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करत होता. ती नेण्यासाठी त्याने तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस घेतला, म्हणजे कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये. जे योग्य ते केवळ प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे, तर माणसांच्याही दृष्टीने करावे, अशी काळजी त्याने वाहिली. इतका मोठा प्रेषित, पण ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ एवढ्यावर त्याने भागवले नाही. आम्ही मात्र एकमेकांवरच्या विश्वासाच्या आड लपलो होतो. तिघांच्या सह्या होत्या, म्हणून कोणा एकालाच ते पाप आपले वाटले नाही. पाप वाटून घेतले की हलके होते असे वाटते. तसे होत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला ते सगळेच येते.

थोडक्यात विश्वासू असण्याविषयी प्रभू येशू लूकच्या सोळाव्या अध्यायात बोलतो. ते वचन आम्ही किती वेळा ऐकले असेल! त्याचा अर्थ मात्र आम्हाला बोटभर हललेल्या चेंडूने सांगितला, आणि तोही ज्यांनी आमचे शुभवर्तमान कधी हाती घेतलेले नाही अशा मित्राकडून. देव कोणाच्या तोंडून बोलेल, ते तोच ठरवतो.

कर्नलसाहेबांना यातले काहीच आम्ही अजून सांगितलेले नाही. या महिन्यात पुन्हा महूला जायचे आहे, तेव्हा सांगू.

आपल्याही एखाद्या वहीत असा ‘किरकोळ खर्च’ असेल, तर या आठवड्यात ते पान उघडावे, ही विनंती.

प्रार्थना: हे प्रभो, जे कोणी पाहत नाही ते तू पाहतोस. आमच्या हाती दिलेले थोडे आम्हाला नीट सांभाळू दे. चुकलो तेथे ते कबूल करण्याचे धैर्य दे, आणि कबूल करणाऱ्याला जवळ घेणारे मन आमच्या धर्मग्रामाला दे. आमेन.