पेशीतली ये-जा

स्वादुपिंडातली बीटा पेशी रुंदीला मिलिमीटरचा जेमतेम शंभरावा भाग. तिच्यात इन्सुलिनने भरलेल्या सुमारे दहा हजार कणिका. एकेका कणिकेत इन्सुलिनचे लाखो रेणू, जस्ताच्या साथीने सहा-सहाचे गट करून दाबून बसवलेले. जेवण झालं की यांतल्या थोड्याच बाहेर पडतात, बाकीच्या आतच राहतात. शाळेत आपण संप्रेरकांचा 'स्राव' शिकतो; पेशीची खरी मेहनत मात्र साठा न सोडण्यात आहे.

*

कणिका पेशीभर फिरतात त्या सूक्ष्मनलिकांवरून. नळीची जाडी २५ नॅनोमीटर, भिंतीत ट्युब्युलिन या प्रथिनाच्या बहुधा १३ उभ्या ओळी. कणिका तिच्या दहापट जाड. कायनेसिन नावाचं प्रथिन कणिका धरून नळीवरून चालतं. एक पाऊल ८ नॅनोमीटरचं, पावलामागे एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्च. हे कायनेसिन १९८५ साली माकुळाच्या जाड मज्जातंतूत सापडलं.

*

अनेक पेशींत या नळ्या मधल्या एका केंद्रातून निघून कडेला जातात. बीटा पेशीत त्या गॉल्जी या पेशीच्या अंगकापासून फुटतात आणि त्यांचं दाट, दिशा नसलेलं जाळं होतं. कणिका कडेला जाते, माघारी येते, पुन्हा जाते. सोलापूरच्या माणसाला इथे मागावरचा धोटा आठवणारच. पण धोट्याच्या फेरीगणिक चादर एका धाग्याने वाढते. कणिकेच्या फेरीतून काहीच तयार होत नाही. मग एवढी धावाधाव कशाला? कणिका कडेला फार वेळ टेकू नये, एवढ्यासाठीच.

*

हे कळायला जवळपास अर्धं शतक लागलं. १९६८ साली सेंट लुइसला पॉल लेसी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्वादुपिंडातल्या पेशींना कोल्चिसिन दिलं. हे द्रव्य सूक्ष्मनलिका मोडतं. (आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या कळलावीच्या कंदातही ते असतं, गाऊटवर त्याची गोळी देतात.) इन्सुलिन कमी सुटलं. अर्थ सरळ लागला: नळ्या कणिकांना दारापर्यंत नेतात, नळ्या मोडल्या की माल अडतो.

२०१५ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात इरिना काव्हेरिना आणि गुओच्यांग गु यांच्या गटाने नोकोडॅझोल या द्रव्याने नळ्या मोडल्या, तर इन्सुलिन उलट भरपूर सुटलं. ग्लुकोज वाढलं की पेशी स्वतःच नळ्यांचं जाळं विरळ करते आणि कडेला पोचलेल्या कणिका तिथेच राहतात. त्याच वेळी नव्या नळ्याही बनत असतात, म्हणून सगळा साठा एकदम उधळला जात नाही. मधुमेही उंदरांच्या बीटा पेशींत हे जाळं नेहमीपेक्षा दाट दिसलं. म्हणजे साठा असूनही आवळून धरलेला.

दोन्ही निकाल एकाच वेळी खरे असू शकतात. नवी कणिका गॉल्जीपासून दूर न्यायला नळी लागते. कडेला थांबू द्यायला नळी नसलेली बरी.

*

सोलापुरात सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्यांत राजकारणाच्या खालोखाल शुगरचा विषय. एक काका खिशातून सदाफुलीची पांढरी फुलं काढून चावतात.

"डॉक्टरांना सांगितलंत का, काका?"

"त्यांना काय सांगायचं ओ? गोळ्या चालूच हायत की. हे आपलं वरनं."

पूर्वभागातल्या तेलुगू घरांत सदाफुलीला बिल्लगन्नेरू म्हणतात. एप्रिलच्या उन्हात भिंतीच्या फटीतही फुलते. पान तोडलं की पांढरा चीक बोटाला लागतो. चव कडूजहर, शेळीसुद्धा तोंड लावत नाही.

*

शुगरवर सदाफुली हा समज जमैकातही होता. तिथून काही पानं कॅनडात क्लार्क नोबल यांच्याकडे आली. १९२१ साली बँटिंग यांच्यासोबत इन्सुलिनवर काम करायची क्लार्क यांची संधी नाणेफेकीत हुकली आणि ती बेस्ट यांना मिळाली, अशी कथा सांगतात. पानं त्यांनी भाऊ रॉबर्ट यांना दिली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांची प्रयोगशाळा कॉलिप यांच्या नावाची. इन्सुलिन शुद्ध करणारे ते हेच कॉलिप. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या रक्तपेशी मात्र घसरल्या. १९५८ साली त्या पानांतून विनब्लास्टिन हाती आलं. ते ट्युब्युलिनला चिकटून सूक्ष्मनलिका बिघडवतं, आणि आज कर्करोगावर वापरतात. इन्सुलिनच्या आशेने तोडलेलं पान थेट नळीशी जाऊन भिडलं.

एक ग्रॅम विनब्लास्टिनला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. काका ठणठणीत आहेत ते त्यामुळे.

*

कणिकेच्या पोटात काय, यावर २००९ साली 'सायन्स'मध्ये एक लेख आला. पीयूष ग्रंथीतली अनेक संप्रेरकं कणिकेत अमायलॉइड रूपात रचून ठेवलेली असतात. अल्झायमर झालेल्या मेंदूत साचतात त्याच जातीची ही रचना, पण इथे ती बाहेर पडल्यावर विरघळते. लेखाचे पहिले लेखक समीर माजी; पुढे ते पवईच्या आयआयटीत आले. एकच घडण एका जागी रोग, दुसऱ्या जागी सोय.

*

मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने यकृत पाहिलं. जेवल्यावर इन्सुलिनच्या इशाऱ्याने कायनेसिन चरबीच्या थेंबांवर बसतं, थेंब नळ्यांवरून पेशीच्या कडेकडे जातात आणि चरबी रक्तात सोडायची तयारी होते. उपाशीपोटी कायनेसिन उतरतं. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे उपवासांना तोटा नाही. पण एकादशी, दुप्पट खाशी. साबुदाण्याच्या खिचडीनंतर इन्सुलिन वाढतंच. यकृताच्या लेखी तो उपवास नव्हेच.

*

मेडिकलमधून काका नेतात ती ग्लिमेपिराइडची गोळी बीटा पेशीच्या पटलावरची पोटॅशियमची वाट बंद करते. त्यामुळे कॅल्शियम आत शिरतं आणि कडेला टेकलेल्या कणिका इन्सुलिन बाहेर सोडतात. गोळीचं काम या शेवटच्या पायरीवर. आतलं जाळं दाट झालं असेल तर त्यावर तिचा इलाज नाही.

जाळं सैल करणारं औषध का देत नाहीत? ट्युब्युलिन प्रत्येक पेशीत आहे म्हणून. सदाफुलीतलंच विनक्रिस्टिन घेणाऱ्यांच्या पायाला मुंग्या येतात, कारण कंबरेपासून अंगठ्यापर्यंतच्या मज्जातंतूतली वाहतूक याच नळ्यांवर चालते. शुगरवाल्यांचे पाय आधीच बधिर होत असतात.

म्हणून नळी सोडून तिला धरून ठेवणाऱ्या प्रथिनांकडे लक्ष गेलं. २०२० साली व्हँडरबिल्टच्याच गटाने बीटा पेशीतल्या टाऊ या अशाच एका प्रथिनावर काम केलं. ग्लुकोज वाढलं की टाऊवर फॉस्फेट चढतं, त्याची पकड सुटते आणि नळ्या मोडतात. पण टाऊ मेंदूतही तितकंच कामाचं. अडचण एक पायरी पुढे सरकली आहे, सुटलेली नाही.