दिसलं म्हणजे वाचलं का?

मंडळी, आज जरा कामाचंच बोलतो, पण कंटाळवाणं नाही, शप्पथ!

वेब पेज लांबलचक असतं आणि मोबाईलची खिडकी एवढीशी. पानातला एखादा फोटो त्या खिडकीत आला का, हे कळलं तर तो लागेल तेव्हाच मागवता येतो. पूर्वी आम्ही स्क्रोलच्या दर हालचालीला त्या फोटोची जागा विचारायचो. मुंबईहून गाडीत बसलेलं पोर दर दोन मिनिटांनी "वर्धा आलं का?" विचारतं ना, तस्संच. ब्राउझर बिचारा दर वेळी हातातलं काम सोडून मोजमाप करणार, आणि स्वस्तातला फोन अडखळणार.

२०१६ साली क्रोममध्ये 'इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर' आला, २०१७ मध्ये फायरफॉक्समध्ये, २०१९ मध्ये सफारीत. आता विचारत बसायचं नाही, सांगून झोपायचं: "आलं की उठव." त्यातला 'रूट मार्जिन' म्हणजे धामणगाव सुटल्यावर लागणारा वर्धा नदीचा पूल. पुढे पुलगाव, मग वर्धा. पण सामान आवरायला पुलापासून घेतलं की धांदल होत नाही. फोटोही तसाच थोडा आधी मागवायचा. 'थ्रेशोल्ड' म्हणजे डबा फलाटाला किती लागला की "आलं" म्हणायचं... जरासा, निम्मा की पूर्ण.

इथपर्यंत सगळी मजा. आता खरी गोष्ट.

सध्या शेतकऱ्यांसाठीच्या एका फॉर्मचं काम आहे. ग्राहकाची मागणी अशी, की अटींचा शेवटचा परिच्छेद स्क्रीनवर आला की 'अर्जदाराने अटी वाचल्या' अशी नोंद करा. कोड म्हणाल तर दहा ओळींचा. मी तो फॉर्म हिंगणघाटच्या मामांच्या हातात दिला. अंगठ्याच्या एका झटक्यात मामा तळाला!

"मामा, वाचलं का?"

"कुठी वाचलं बाप्पा, मी त बटन पाहून रायलो."

नोंद मात्र झाली असती. बरं, झटका जोरात बसला तर मधला परिच्छेद येऊन गेल्याचंही ऑब्झर्व्हरला कळत नाही; तो फार तर फ्रेमला एकदा बघतो. जाहिरातवाल्यांचा नियम बघा: साधी जाहिरात निम्मी तरी सलग १ सेकंद स्क्रीनवर राहिली, तर ती 'दिसण्याजोगी' धरतात. 'पाहिली' म्हणायचं धाडस तेही करत नाहीत! आणि इथे तर उद्या कुणाचा दावा नाकारताना हीच नोंद पुढे केली जाईल. "तुम्ही वाचलं होतं की!"

म्हणून मी कळवलंय: नोंदीत 'अटी स्क्रीनवर आल्या' एवढंच लिहू, आणि दावा कधी मिळणार नाही ते बटणाच्या वर मोठ्या अक्षरांत, दोन ओळींत सांगू. सोमवारी मीटिंग आहे. पटलं तर ठीक. नाहीतर त्या दहा ओळी दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या, असं सांगणार आहे.