मासा उलटायचा नाही

चिनी हॉटेलात शिरलेल्या मराठी माणसाची पहिली अडचण अशी, की त्याला आपलं ताट सापडत नाही. मीठ कुठं, लिंबू कुठं, डावीकडे काय आणि उजवीकडे काय, हे आपण झोपेतही सांगू. शेजाऱ्याच्या ताटाला हात लागला की आईचे डोळे वटारलेच! इथं मात्र टेबलाच्या मधोमध एक फिरती काचेची चकती. तिच्यावर सगळ्यांचं जेवण. ज्याला जे हवं, त्यानं ते फिरवून आपल्यापुढं आणायचं.

आमच्या बँकवाल्या मित्राच्या घराचं कर्ज यंदा फिटलं. जून-जुलैतली मासेमारीबंदी, मग श्रावण, मग गणपती, इतकं सगळं उरकेपर्यंत धीर धरून त्यानं आम्हां कॉलेजातल्या जुन्या मित्रांना कुलाब्याकडच्या एका चिनी हॉटेलात बोलावलं. मी पोचलो तो डॉक्टर आधीच बसलेले, आणि त्यांच्याशेजारी आमचा कवी!

बँकवाल्यानं हे मला सांगितलं नव्हतं. कवीलाही सांगितलं नसावं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या पहिल्या संग्रहाचं परीक्षण लिहिताना मला विनोदाचा मोह आवरला नव्हता. वाचक हसले. तो हसला नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

आता समोरासमोर बसलो होतो. सूप आलं, ते आम्ही फार लक्षपूर्वक प्यालो. मिरी-मिठातली कोलंबी आली. तिच्यातल्या कोलेस्टेरॉलवर डॉक्टरांनी व्याख्यान दिलं आणि सर्वांत जास्त त्यांनीच खाल्ली. माकुळाची वेटोळी माझ्या चॉपस्टिकमधून दोनदा निसटली. मग आल्या आलं-लसणीतल्या चिंबोऱ्या. नांग्या फोडताना कुणालाच प्रतिष्ठा सांभाळता येत नाही. कवीच्या चष्म्यावर रस उडाला, माझ्या शर्टावर उडाला. तरी आम्ही दोघं चकती फिरवत होतो ती एकमेकांकडे न बघता.

शेवटी आलं डोक्याशेपटीसकट वाफवलेलं मोठं पापलेट. वर आल्याचे बारीक काप, कांद्याची पात, आणि त्यावर ओतलेलं कडकडीत तेल. ना कोकम, ना तिरफळ, ना खोबरं. तरी मासा आपल्या चवीनं बोलत होता. वरची बाजू संपली, तसा सवयीनं मी चमचा खाली घालून मासा उलटू लागलो.

"साहेब, उलटायचा नाही!" म्हातारा वाढपी धावतच आला. "होडी उलटते."

गृहस्थ चिनी, पण जन्म माझगावचा. १९१९ साली बांधलेलं चिनी देऊळ आहे, त्याच्या जवळपासचा. १९६२ च्या युद्धानंतर मुंबईतली बरीच चिनी कुटुंबं निघून गेली. त्याचे वडील इथंच राहिले. ताटात मासा उलटला की समुद्रात कुणाची तरी होडी उलटते, असं त्यांच्याकडचे कोळी मानतात, म्हणाला. मग त्यानं दोन चमच्यांनी शेपटीकडून सबंध काटा अलगद उचलला आणि बाजूला ठेवला. खाली अर्धा मासा तसाच्या तसा, पांढराशुभ्र!

आम्ही सारेच क्षणभर गप्प झालो.

"ते परीक्षण वाईट होतं," मी कवीला म्हणालो.

"परीक्षण चांगलं होतं रे," तो म्हणाला. "माझ्यावर होतं, एवढंच!"

आणि त्यानं चकती हळूच फिरवली. माशाचं डोकं माझ्यापुढं येऊन थांबलं. "घे. तुला पहिल्यापासून आवडतं."

सहा वर्षं हा माणूस माझ्याशी बोलला नव्हता. पण मला काय आवडतं, ते विसरला नव्हता. मी मान खाली घालून खात राहिलो.

चिनी भाषेत मासा आणि शिल्लक या दोन्ही शब्दांचा उच्चार सारखाच, म्हणून नव्या वर्षाच्या जेवणात मासा मुद्दाम थोडा उरवतात, हे जाताजाता त्या म्हाताऱ्यानंच सांगितलं. वर्गात श्लेष शिकवणाऱ्या मला असला चवदार श्लेष कधी मिळाला नव्हता.

ताटलीत शेवटचा एक तुकडा राहिला होता. कर्ज फेडलेल्या माणसाला बाकी ठेवणं सोसत नाही. बँकवाल्यानं चमचा पुढं केला.

"राहू दे," कवी म्हणाला. "पुन्हा यायला निमित्त."