ओटीसमोरचा आंबा, परसातला फणस

मुलांनो, तुमच्या घराजवळ एखादं जुनं मोठं झाड आहे का? असलं तर हे वाचून झाल्यावर जरा बाहेर जा आणि त्याला चारी बाजूंनी नीट बघून या. मी तसं कधी बघितलं नव्हतं, आणि म्हणून आमचा आंबा गेला. कसा गेला, ते सांगतो.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात, समुद्राकाठी. घराचं तोंड पश्चिमेला. समोर अंगण, मग रस्ता, रस्त्यापलीकडे माड-पोफळींच्या वाड्या, मग पुळण आणि समुद्र. ओटीवर बसलं की रात्री गाज ऐकू येते. अंगणात एक रायवळ आंबा होता. माझ्या आजोबांच्या लहानपणीही तो मोठाच होता म्हणे! फळ बारीक, रेषाळ, पण रस असा गोड, की हापूस खाणारे पाहुणेसुद्धा मागून घ्यायचे.

२०१४ साली मी घर सुधारायला काढलं. पावसाळ्यात अंगणात चिखल होतो, पाहुण्यांच्या गाड्या रुततात, म्हणून सगळ्या अंगणात काँक्रीट करून घेतलं, अगदी आंब्याच्या बुंध्याला भिडेपर्यंत. शिवाय रस्त्याच्या बाजूने पाण्याची पाइपलाइन आणायची होती. चर खणताना मनगटाएवढी, दंडाएवढी मुळं आडवी आली. गवंड्याने विचारलं, "तोडू का?" मी म्हटलं, "तोड की. एवढ्या मोठ्या झाडाला काय होतंय!"

आई ओटीवरून बघत होती. ती म्हणाली, "अरे, पाऊस पडला की पाणी कुठून जायचं त्याच्या पोटात?" मी हसलो. मला वाटायचं, झाडाला एक सोटमूळ असतं, ते खोल पाताळात जातं आणि तिथून पाणी आणतं. शाळेतल्या चित्रात तसंच तर होतं!

मुलांनो, ते चित्र रोपाच्या बाबतीत ठीक आहे. मोठ्या झाडाची गोष्ट वेगळी. त्याची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक सगळी जमिनीच्या वरच्या दोन-अडीच फुटांतच असतात. आणि ती पसरतात केवढी? फांद्यांची सावली पडते त्याच्याही बाहेर. त्या मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. काँक्रीट म्हणजे त्यांच्या तोंडावर दाबून धरलेला हातच.

पण झाड लगेच मरत नाही हो. तेच तर फसवं आहे. ते साठवणीवर जगत राहतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आंब्याचे शेंडे वाळायला लागले. वरची पालवी विरळ झाली, खालून बघितलं की आभाळ दिसायचं. मग एका पावसाळ्यात बुंध्याशी भूछत्रं उगवली. माझी पुतणी तेव्हा लहान होती, तिने टाळ्या पिटल्या. मीही कौतुकाने फोटो काढला! खोडाच्या तळाशी अशी भूछत्रं येतात तेव्हा आतलं लाकूड किंवा मुळं कुजत असण्याचा संभव मोठा असतो, हे मला फार उशिरा कळलं. झाड त्याच्या भाषेत हाका मारत होतं, आणि मी फोटो काढत होतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. करोनाची टाळेबंदी, सगळे घरातच. दुपारी वारा फिरला आणि समुद्राकडून असा आला, की कौलं पत्त्यांसारखी उडाली. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचा वारा म्हणजे काय, ते वाचून कळत नाही. दारं आतून धरून आम्ही माजघरात बसलो होतो. मग एक आवाज झाला. कडकड नाही, धाडकन नाही. जमीन उसवल्यासारखा लांबलचक आवाज. आंबा ओटीवर आला होता. पडवीचे वासे मोडले, ओटीवरचा झोपाळा चेपला. पाच मिनिटांपूर्वी आई त्या झोपाळ्याजवळचा कंदील आत आणायला गेली होती.

दुसऱ्या दिवशी उपटलेला बुंधा बघितला. पूर्वेकडची मुळं मोडलेली, पांढरी, ताजी. पश्चिमेकडे मुळं नव्हतीच. मी तोडलेल्या जागी काळे, भुसभुशीत खुंट. तंबूचे दोर आठवा. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूचे दोर तंबूला ओढून धरतात. आमच्या आंब्याचे समुद्राकडचे दोर मीच सहा वर्षांपूर्वी कापले होते.

वादळाने गावातल्या धडधाकट झाडांनाही सोडलं नाही, हेही सांगायला हवं. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. तिच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हा सगळा दोष माझाच असं नाही. पण आमच्या आंब्यापुरता होता.

आता उरला परसातला फणस. तोही जुना, आणि घराकडे कललेला. एक जाड फांदी थेट स्वयंपाकघराच्या कौलांवर. जो येई तो सांगे, "आधी हा तोडा!" आईला तर जरा वारा सुटला की झोप लागेना. खरं सांगतो, मीही कुऱ्हाडवाल्याला बोलावून ठेवलं होतं. पण आंबा, फणस, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या आवारात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ सालचा तसा कायदा आहे. (शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. २०२१ मध्ये त्यात ५० वर्षांच्या आणि त्याहून जुन्या झाडांसाठी जास्तीची तरतूदही आली.) परवानगी येईपर्यंत थांबावं लागलं, आणि त्या थांबण्यात ओळखीचे एक निवृत्त कृषी अधिकारी येऊन झाड बघून गेले.

त्यांनी काय केलं, ते तुम्हालाही करता येईल. आधी लाकडी दांड्याने खोडावर ठिकठिकाणी टकटक केलं. भरीव लाकूड टणक बोलतं, पोकळ लाकूड भदभद बोलतं. मग झाडाच्या कलाच्या उलट बाजूला वाकून जमीन बघितली. तिथे नवी भेग असेल, माती उचललेली असेल, तर झाड आत्ता हलतंय. त्याच्या जवळपासही जायचं नाही. आमच्याकडे तसं काही नव्हतं. मग त्यांनी शेंड्याकडे बोट दाखवलं. "बघा, खोड कललंय, पण वरचा भाग पुन्हा सरळ उभा झालाय. म्हणजे हा कल लहानपणापासूनचा. उजेडासाठी कललं आणि तसंच स्वतःला सावरत वाढलं."

"मग वरून अर्धं छाटू का?" मी विचारलं. ते जवळजवळ रागावलेच. शेंडा उडवला की तिथून भाराभर कोवळे फुटवे येतात, ते वरवर चिकटलेले असतात आणि पुढच्या वादळात तेच आधी मोडतात. शिवाय मोठ्या जखमेतून कूज आत शिरते. आम्ही फक्त वाळक्या फांद्या काढल्या आणि कौलांवरची फांदी हलकी केली. कापायची पद्धतही त्यांनी शिकवली. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग जरा पुढे वरून, म्हणजे पडताना ती खोडाची साल सोलून नेत नाही. शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी जो फुगीर कडा असतो, त्याच्या बाहेरून कापायचा. खोडाला घासून नाही. तो कडाच जखम भरून काढतो. वर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. हे काम मोठ्यांचं, तेही जाणत्या माणसाचं. तुम्ही झाडावर चढून करवत चालवायची नाही, कळलं?

तुमचं काम वेगळं आहे. झाडाला खिळे ठोकू देऊ नका. कपडे वाळत घालायची तार खोडाला गुंडाळू नका. झाड जाड होतं, तार होत नाही, आणि सालीतून खाली जाणारं अन्न अडतं. पातेरा बुंध्याशी जाळू नका. तो मुळांवर पसरा, फक्त खोडाला टेकू देऊ नका.

१६ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ आमच्या समुद्रातून वर गेलं. रात्रभर आम्ही जागे होतो. आई दर थोड्या वेळाने विचारी, "आहे ना रे?" मी बॅटरी मारून बघे. सकाळी तीन कौलं फुटलेली होती, एक फांदी विहिरीजवळ पडली होती. फणस उभा होता.

अंगणातलं काँक्रीट मी फोडून टाकलंय. तिथे आता पुतणीने लावलेली रायवळ कोय रुजलीय, कमरेएवढी झालीय. पुतणी आता सातवीत आहे. दर मे महिन्यात ती सुतळी घेऊन फणसाचा घेर मोजते, छातीच्या उंचीवर, आणि वहीत लिहिते. मागच्या मे महिन्यात ती धावत आली, "काका, खोडातून भुसा येतोय!" बघितलं तर भोक, खाली लाकडाचा ओला भुसा. भिरूड! तारेच्या आकड्याने तासभर खटपट करून आम्ही बोटाएवढी पांढरी अळी बाहेर काढली. आईने ती कोंबड्यांना टाकली आणि विचारलं, "आणखी एखादं भोक आहे का, ते मागच्या बाजूने बघितलंत का रे?"

बघितलं नव्हतं. आम्ही पुन्हा बॅटरी घेऊन मागे गेलो.